पायी फिरावीत अशी छोटी शहरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, पणजी, सातारा, वाई, सावंतवाडी, बेळगाव. या गावांत फिरायला जाणाऱ्यांचे, तिथे राहणाऱ्यांचे आणि तिथे राहायला जायचं मनात असणाऱ्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळ्या गावांना सारखी जागा दिलेली नाही. कोल्हापूरवर जास्त लिहिलंय, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

एखादं शहर पायी फिरण्याजोगं आहे, हे कशावरून ठरवायचं?

मी एकच कसोटी लावतो. गावाच्या मध्यभागी राहणाऱ्या माणसाला दूध, भाजी, औषध, शाळा, देऊळ, शिंपी, बँक आणि गप्पा मारायला कट्टा, एवढं सगळं गाडी न काढता मिळतं का? मिळत असेल तर त्या रस्त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत कुणी ना कुणी चालत असतं, आणि माणसं चालताना दिसली की पाहुण्यालाही चालावंसं वाटतं. रंगीत फरशी, कारंजी, नक्षीदार दिवे हे सगळं नंतरचं. फक्त पर्यटकांसाठी सजवलेला रस्ता भर दुपारी ओस पडतो. राहत्या गावातल्या रस्त्यावर दुपारीही शाळेतून घरी निघालेली पोरं असतात, दळणाचा डबा घेऊन निघालेल्या काकू असतात, ओट्यावर पेपर वाचणारे आजोबा असतात. ती मंडळी दिसत नसतील तर त्या गावाचं नाव इथे घेतलेलं नाही.

छोटं म्हणजे किती छोटं?

२०११च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. बेळगाव पाच लाखांच्या जरा आत, सातारा १ लाख २० हजार, पणजी शहर जेमतेम ४० हजार, वाई ३६ हजारांच्या आसपास आणि सावंतवाडी २४ हजारांच्या आसपास. आकड्यांत काही मेळ नाही. मेळ आहे तो मध्यवस्तीच्या आवाक्यात. यातल्या प्रत्येक गावाची जुनी वस्ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासात, फार तर पाऊण तासात चालून होते.

एकच शहर निवडायचं असेल तर?

कोल्हापूर. यावर माझं मत पक्कं आहे.

अंबाबाईचं देऊळ जुन्या गावाच्या मधोमध आहे आणि त्याला चारी बाजूंनी दरवाजे आहेत. पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, शिवाय पूर्वेचा आणि दक्षिणेचा. प्रत्येक दरवाजासमोर वेगळा बाजार आहे. महाद्वारासमोर खण-नारळ, फुलं, कपडे. जवळच सराफांची गुजरी. ताराबाई रोडवर कपिलतीर्थाची मंडई. भवानी मंडपाच्या बाजूला गेलं की चप्पल लाईन. पाहुण्याला वाटतं हे सगळं भाविकांसाठी मांडलंय. पण त्याच कपिलतीर्थात शिवाजी पेठेतली बाई रोजची मेथी घेते, आणि त्याच गुजरीत करवीर तालुक्यातल्या गावांची लग्नाची खरेदी होते. देवळामुळे बाजार टिकला हे खरंच आहे. पण त्याला बारमाही केलं ते पेठेत राहणाऱ्या गिऱ्हाइकानं.

यामागे थोडा इतिहासही आहे. १८९१ साली कोल्हापुरात रेल्वे आली आणि १८९५ साली शाहू महाराजांनी जुन्या गावाबाहेर, स्टेशनजवळ, शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली. घाऊक माल, गूळ, बैलगाड्यांची वर्दळ तिकडे गेली आणि किरकोळ बाजार देवळाभोवती राहिला. अरुंद रस्त्यांवर अवजड वाहतूक कोंबली गेली नाही, याचं बरंचसं श्रेय मी या निर्णयाला देतो. दुसरी गोष्ट हद्दीची. महानगरपालिका १९७२ साली झाली आणि तिची हद्द पुढे कित्येक दशकं ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिली. हद्दवाढ हवी की नको यावर शहरात आणि आसपासच्या गावांत कायम भांडण असतं. त्या भांडणात न पडता एवढं म्हणता येईल की गाव आटोपशीर राहिल्यामुळे मधल्या पेठा अजून गावाच्या मध्यावरच आहेत, कडेला पडलेल्या नाहीत.

एका संध्याकाळी कोल्हापुरात कुठून कुठे चालावं?

साडेपाचच्या सुमारास बिंदू चौकातून निघा. भवानी मंडप सात-आठ मिनिटांवर आहे. मंडपाच्या कमानीतून देवळाकडे, तिथून वळसा घालून महाद्वार रोडला या. इथे घाई करू नका. महाद्वारासमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी पुष्कळ दिसतं. दप्तर पाठीवर असलेली मुलगी भर रस्त्यात चप्पल काढते, बाहेरूनच हात जोडते आणि चप्पल पायात सरकवत पुढे जाते. मागून आलेला स्कूटरवाला तेवढा वेळ पाय टेकून थांबतो, हॉर्न न वाजवता. हातगाडीवरचा माणूस गजऱ्यांवर पाण्याचा हबका मारतो. समोरच्या दुकानातले मालक गिऱ्हाइकाशी साडीच्या भावावर घासाघीस करताना शेजारच्या दुकानातल्या पोराला "ए भावा, दोन चहा सांग की" असं ओरडून सांगतात. कुणी कुणासाठी देखावा करत नसतं. रोजचा दिवस मावळत असतो, एवढंच.

महाद्वार रोडनं उत्तरेला चालत पापाची तिकटी, पुढे गंगावेश. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून ग्लास हातात देतात. आचळं धुऊन घेतात, धार थेट भांड्यात पडते, वर बोटभर फेस येतो. धारोष्ण दूध कोमटच असतं, ते तसंच प्यायचं. तालमीत मेहनत करणाऱ्या पोरांची ही सवय, आणि गंगावेश तालीमही जवळच. ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांनी नुसतं बघावं. गंगावेशीतून रंकाळा फार लांब नाही. तिथे अंधार पडेपर्यंत बसा.

दुसरा रस्ता दक्षिणेचा. महाद्वार रोडनं बिनखांबी गणेश मंदिर, तिथून मिरजकर तिकटी आणि खासबाग. १९१२ साली पुरं झालेलं कुस्तीचं मैदान आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली तेव्हा शहरातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. पॅलेस थिएटर म्हणून शाहू महाराजांनी ते बांधून घेतलं होतं. नाटक सुटल्यावर खाऊगल्लीत भेळेच्या गाड्यांपुढे जी गर्दी व्हायची, तिच्यामुळे तो अख्खा कोपरा रात्री जागा असायचा. एक नाट्यगृह बंद पडलं की भोवतालच्या चार गल्ल्यांची संध्याकाळ बदलते, हे ज्यांना बघायचंय त्यांनी खासबागेत बघावं.

किरणोत्सवाचा आणि रस्त्याचा काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे, आणि शहर म्हणून कोल्हापूर मला का आवडतं याचं हे एक कारण आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आकाश स्वच्छ हवं आणि मार्गात अडथळा नको. मार्ग म्हणजे देवळाच्या पश्चिमेची वस्ती. तिथे एखादा मजला चढला, पत्र्याची शेड आली, पाण्याची टाकी बसवली, की किरणं अडतात. म्हणून या पट्ट्यातल्या बांधकामाकडे सगळ्या शहराचं लक्ष असतं आणि अडथळे काढण्याची मागणी दर वेळी होते. घरांच्या उंचीची चर्चा एरवी नगररचना खात्यातच राहते, कोल्हापुरात ती पानपट्टीवर होते. त्या दिवसांत गेलात तर दुपारपासून गर्दी असते. आत जाता आलं नाही तरी महाद्वार रोडवर उभं राहून सूर्य कोणत्या फटीतून उतरतो ते बघता येतं.

पुण्या-मुंबईहून गाडीनं गेलं तर गाडी कुठे लावायची?

बिंदू चौकाचं पार्किंग देवळाला सर्वांत सोयीचं आहे, पण शनिवार-रविवारी आणि नवरात्रात ते लवकर भरतं. माझा सल्ला असा, की मुक्कामाच्या जागी गाडी ठेवा आणि रिक्षानं किंवा केएमटीनं, म्हणजे शहर बसनं, या. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन देवळापासून अडीच-तीन किलोमीटरवर आहेत. चालायची सवय असेल तर तेही अंतर मोठं नाही, मात्र वाटेतल्या रस्त्यांवर रहदारी जास्त आहे. ताराबाई रोडवर गाडी घालायचा प्रयत्न कुणीच करू नये. तुमचा वेळ जातो आणि चालणाऱ्या दोनशे माणसांची वाट अडते.

ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. त्यासाठी कोल्हापूरकरांनी दीर्घ लढा दिला होता. वकील आणि पक्षकार आता सहा जिल्ह्यांतून तिथे येतात, तेव्हा कामाच्या दिवशी सीपीआर चौकाच्या बाजूनं गाडी आणूच नका.

पणजी पायी किती वेळात होते?

एक सकाळ आणि एक संध्याकाळ पुरते. कदंबा बसस्टँडवरून निघून पाटोचा पूल ओलांडला की सां तोमे, पुढे ३१ जानेवारी रस्ता आणि फोंतेन्हास. तिथून चर्च चौक सात-आठ मिनिटं. चर्चच्या पायऱ्यांसमोरून उतरून बागेच्या बाजूनं १८ जून रस्त्याला लागायचं. मांडवीच्या काठाला यायचं असेल तर जुनं सचिवालय आणि आबे फारियाचा पुतळा, पुढे किनाऱ्यानं कांपालला कला अकादमीपर्यंत. शेवटचा टप्पा अर्ध्या तासाचा आहे आणि उन्हात नको.

पणजीत चालणं सोपं वाटतं कारण रस्ते बरेचसे सरळ आहेत, कोपऱ्यावरून पुढचा कोपरा दिसतो, आणि गाव नदी व आल्तिनोची टेकडी यांच्यामध्ये बसलेलं आहे. वाट चुकलीच तर उतारानं चालत सुटा, नदी लागते. राजधानी म्हणून १८४३ साली पणजीचं स्थान अधिकृत झालं. त्यामुळे सरकारी कचेऱ्या, बाजार, देऊळ, चर्च आणि घरं सगळं थोडक्या जागेत आलं. सकाळी लवकर बाहेर पडलात तर सायकलवरून भोंगा वाजवत जाणारा पोदेर भेटेल. त्याच्याकडचे पाव घेऊन चालत चालत खाण्यात गैर काही नाही. नाहीतर कुठल्याही जुन्या हॉटेलात शिरून मिक्स भाजी, बन आणि चहा मागा. शेजारच्या टेबलावर कचेरीत निघालेले लोक हेच खात असतात.

अलीकडची काही वर्षं पणजीकरांना फार सोसावी लागली. स्मार्ट सिटीच्या कामांसाठी एकाच वेळी इतके रस्ते खोदले गेले, की दुकानात शिरायला फळ्या टाकाव्या लागल्या, धुळीनं दारं बंद ठेवावी लागली. कामं टप्प्याटप्प्यानं केली असती तर हा त्रास टळला असता, असं मला ठामपणे वाटतं. चालण्याजोगं गाव आणखी चालण्याजोगं करताना आधी त्यातल्या माणसाला घराबाहेर पडता आलं पाहिजे.

फोंतेन्हासमध्ये फोटो काढले तर चालतात का?

रस्त्याचे काढा. कुणाच्या दारात, पायरीवर, खिडकीला टेकून काढू नका. ही घरं आहेत. आत आजारी माणूस झोपलेला असतो, मूल अभ्यासाला बसलेलं असतं. बऱ्याच घरांवर फोटो काढू नयेत अशा पाट्या आहेत आणि त्या वैतागून लावलेल्या आहेत. कपडे बदलून, बॅगा पायरीवर ठेवून तासभर शूटिंग करणाऱ्यांमुळे रहिवाशांना स्वतःच्या घरात शिरताना "एक मिनिट" म्हणून थांबवलं जातं, हे मी पाहिलंय आणि ते बघवत नाही. लाल, पिवळ्या, निळ्या भिंती टिकल्या त्या तिथे राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यानंतर खिशातून रंग लावला म्हणून. सान सेबास्तियांवच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, मात्र जरूर जा. तिथला क्रूसावरचा ख्रिस्त उघड्या डोळ्यांचा आहे. पुढे मळा नावाच्या वस्तीच्या बाजूला चालत गेलात तर टेकडीवरचं मारुतीचं देऊळ लागतं, आणि तिकडे गर्दी कमी असते.

सातारा, वाई आणि सावंतवाडी यांतलं एका दिवसासाठी कोणतं?

वाई, जर सकाळ मोकळी असेल तर. कृष्णेचा घाट, १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, मागे वाड्यांच्या आळ्या. घाट अजून गावाचा आहे. धुणं, पोहणं, संध्याकाळची पोथी सगळं तिथे चालतं. चित्रीकरणाची गाडी आली तरी गाव त्याकडे फारसं बघत नाही.

साताऱ्यात राजवाड्यापासून मोती चौक आणि राजपथानं पोवई नाक्यापर्यंत चाला, परत खालच्या रस्त्यानं या. मोती चौकात कंदी पेढे घ्यायला थांबालच. चढ-उतार आहेत, अजिंक्यतारा सतत डोक्यावर असतो आणि पाऊस आला तर आडोशाला दुकानं आहेत.

सावंतवाडी सर्वांत लहान आणि सर्वांत शांत. मोती तलावाला एक फेरी, चितार आळीत लाकडी खेळणी, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, रंगवणारे कारागीर. संध्याकाळी सगळं गाव तलावाच्या काठाला येतं. दोन तासांत होतं, पण दोन तासांत उठवत नाही.

बेळगावचं नाव यात का?

कारण खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली असा एकमेकांत गुंतलेला बाजार आणि त्याच्या माडीवर राहणारी माणसं, हे बेळगावात अजून शाबूत आहे. एकाच दुकानात मराठी, कन्नड, हिंदी आणि कोंकणी चारही ऐकू येतात. सणाच्या आधीच्या आठवड्यात खडेबाजारात पाय ठेवायला जागा नसते. कुंदा घेतल्याशिवाय परत येऊ नका. बेळगावावर खरं तर स्वतंत्र पान हवं.

रस्ते रुंद केले तर चालणाऱ्यांचीही सोय होणार नाही का?

जुन्या पेठेत बहुतेक वेळा नाही. रुंदीकरणात आधी घराची पुढची खोली जाते, म्हणजे दुकान जातं किंवा ओटा जातो. उरलेल्या जागेत घर चालत नाही, मग मालक विकून बाहेर जातो. रिकाम्या जागेवर इमारत येते, तिच्या खालच्या मजल्यावर शटर आणि शटरसमोर गाड्या. मिळालेली दहा फूट जागा वर्षभरात पार्किंगनं भरते. चालणारा होता तिथेच राहतो, फक्त आता त्याला ओलांडायला रस्ता मोठा लागतो आणि गाड्यांचा वेग वाढलेला असतो.

तीर्थक्षेत्रांच्या आराखड्यांचंही असंच आहे. पंढरपुरात प्रस्तावित कॉरिडॉरला तिथल्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला तो हट्ट म्हणून नाही. देवळाभोवतीची वस्ती उठली की आषाढी-कार्तिकीला गर्दी होईलच, पण एरवी तिथे कोण राहणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. भाविकांना सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि रांगेत बसायला जागा मिळालीच पाहिजे. ते शेजारच्या गल्ल्या न उठवता करता येतं का, हे आधी तपासावं.

फेरीवाले हटवले तर फूटपाथ मोकळे होतील ना?

काही ठिकाणी होतील, आणि दोन आठवड्यांनी तिथे दुचाक्या लागतील. हातगाडी हा रस्त्यावरचा राबता आहे. तिच्यामुळे संध्याकाळी सातनंतर, बँका आणि कचेऱ्या बंद झाल्यावरही कोपऱ्यावर उजेड असतो. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पुरं होईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले असले पाहिजेत. ही समिती कामाला लागली, जागा आखून दिल्या, तर चालायला वाटही राहते आणि भाजीही दारात मिळते. जिथे समितीच कागदावर असते तिथे दर सहा महिन्यांनी अतिक्रमणाची गाडी येते, टोपल्या उचलते, आणि पुन्हा तेच.

गाड्या पूर्ण बंद केलेलं छोटं शहर कुठे आहे का?

स्पेनमधलं पोंतेवेद्रा. लोकसंख्या ८० हजारांच्या थोडी वर, म्हणजे पणजीच्या दुप्पट. १९९९पासून तिथे मध्यवस्तीतून आरपार जाणाऱ्या गाड्या थांबवल्या गेल्या. सरसकट बंदी नाही. रहिवासी, माल उतरवणारे, आजारी माणसं यांना वाट आहे. बाकीच्यांनी गाडी गावाच्या कडेला ठेवायची आणि चालत यायचं. त्यांनी एक साधा नकाशा केला, ज्यात रेल्वेच्या नकाशासारखे रंगीत मार्ग आहेत आणि दोन ठिकाणांमध्ये चालायला किती मिनिटं लागतात ते लिहिलंय. कोल्हापुरात एसटी स्टँडवर असा एक नकाशा लावला तर निम्मे पाहुणे रिक्षा शोधणार नाहीत.

आपल्याकडे पुणे महापालिका २०२१पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन साजरा करते. एक दिवस का होईना, रस्त्याच्या मधोमध आजी-नातू चालताना दिसतात. पुणे आता छोटं शहर नाही, पण लक्ष्मी रोडवरचा हा दिवस महाद्वार रोडला सहज जमेल.

अमेरिकेत राहतो. तिथे असं काही मिळेल का?

मिळतं, पण शोधावं लागतं. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनचा चर्च स्ट्रीट १९८१पासून आणि कोलोरॅडोतल्या बोल्डरचा पर्ल स्ट्रीट १९७७पासून फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. विद्यापीठांची लहान शहरं बघावीत. तिथे विद्यार्थी गाडीविना राहतात म्हणून दुकानं जवळजवळ टिकतात. नोकरीसाठी गाव निवडताना आई-वडील सहा महिने येऊन राहणार असतील तर याचा जरूर विचार करा. गाडी चालवता न येणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या उपनगरात दिवस काढणं फार जड जातं, आणि आपल्याकडून गेलेल्या आई-बाबांच्या तोंडून हेच सर्वांत जास्त ऐकायला मिळतं.

ज्येष्ठ आणि व्हीलचेअरवरची माणसं यांना ही गावं जमतील का?

खरं सांगायचं तर अर्धवट. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या सूचनांनुसार फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जुन्या पेठांत फूटपाथच सलग नाहीत. महाद्वार रोडवर सकाळी आठच्या आत जा, तेव्हा रस्ताच मोकळा असतो. भवानी मंडपाच्या आवारात टेकायला जागा मिळते. पणजीत सपाट भाग सोपा आहे, आल्तिनो आणि मळ्याच्या पायऱ्या टाळा. सावंतवाडीचा तलावकाठ सगळ्यांत सुखाचा.

रात्री एकट्या बाईनं फिरणं सुरक्षित आहे का?

दुकानं उघडी आहेत तोवर, म्हणजे साधारण दहापर्यंत, कोल्हापूरच्या आणि साताऱ्याच्या मुख्य रस्त्यांवर बायका-मुली एकट्या बिनधास्त फिरताना दिसतात. नंतर गल्ल्या लवकर सामसूम होतात. रंकाळ्याचा पलीकडचा काठ उशिरा नको. फोंतेन्हास नऊनंतर अगदी शांत असतं, तर मांडवीकाठच्या रस्त्यावर कॅसिनोंमुळे उशिरापर्यंत गाड्यांची आणि गर्दीची वर्दळ असते, आणि चालायला ती तितकीशी बरी वाटत नाही.

पावसाळ्यात जावं का?

पणजीला जावं, छत्री नाही तर रेनकोट घेऊन. कोल्हापूरला जाण्याआधी पंचगंगेची पातळी बघा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्यापुढे पाणी गेलं की व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली या भागांत शिरतं, २०१९ आणि २०२१मध्ये शिरलं तसं. देवळाभोवतीचं जुनं गाव उंचावर आहे, तिथला बाजार त्या दिवसांतही चालू होता.

निवृत्तीनंतर अशा पेठेत राहायला जावं का?

मला विचाराल तर जावं, पण आधी भाड्यानं राहून बघावं, तेही गणपतीच्या दिवसांत. कोल्हापुरात विसर्जनाची मिरवणूक मिरजकर तिकटीवरून महाद्वार रोडनं गंगावेशीकडे जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या आवाजात झोप लागणार नाही. जुन्या घरांचे जिने उभे असतात, पार्किंग नसतं, पाण्याची वेळ ठरलेली असते. त्या बदल्यात औषधाचं दुकान खाली असतं, डॉक्टर दोन गल्ल्यांवर, आणि दोन दिवस बाहेर दिसला नाहीत तर शेजारची माणसं दार वाजवतात. घर घेताना गल्लीत किती घरांतून रात्री दिवे लागतात ते मोजा. निम्मी घरं गोदामं झाली असतील तर ती गल्ली सोडून पुढची बघा.

आमच्या गावात फूटपाथ अडवलाय. कुणाकडे जायचं?

आधी प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात "फूटपाथ खराब आहे" एवढंच लिहू नका. कोणत्या दुकानापासून कोणत्या चौकापर्यंत, किती फूट जागा उरली आहे, कशानं अडली आहे, हे टेपनं मोजून फोटोसह लिहा. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वापरण्याजोगे फूटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं आहे, त्याचा उल्लेख करा. सोबत गल्लीतल्या पाच-सात जणांच्या सह्या घ्या, त्यात दुकानदार असतील तर उत्तम. महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्याच अर्जाची प्रत जोडून माहिती अधिकारात विचारा, की त्यावर काय कार्यवाही झाली. हातगाडीमुळे वाट अडत असेल तर आधी त्या माणसाशी बोला. दोन फूट सरकायला बहुतेक जण तयार असतात.